कोळसा, रॉकेल, युरिया: वाशिमच्या रस्त्यावरचे वास

कारंजा लाडमध्ये कस्तुरीच्या हवेलीची गोष्ट आजही सांगितली जाते. उंटांवर कस्तुरी लादून एक व्यापारी गावोगाव फिरत होता. एवढा माल एकरकमी उचलायची कुणाची ऐपत होईना. कारंजाच्या लेकुर संघई नावाच्या सावकाराने तो सगळा घेतला आणि हवेलीच्या बांधकामाच्या चुन्यात मिसळून टाकला. गोष्टीत खरे किती, हे ज्याचे त्याने ठरवावे. गावाची श्रीमंती वासावरून सांगायची ही रीत मात्र झकास आहे.

त्याच कारंजाच्या आणि पुढे वाशिम, रिसोड, मंगरूळपीर, मानोरा, मालेगावच्या रस्त्यांवरून गेल्या शंभर वर्षांत जे वास गेले, त्यांत कस्तुरी कुठेच नव्हती. दगडी कोळसा, लोणारी कोळसा, डिझेल, टूटी ऑइल, रॉकेल आणि आता युरिया. गाडीच्या मागून वेगळा वास आला की इंजिनात काहीतरी बिघडले, असे आपण धरून चालतो. ते खरेही आहे. पण या भागातल्या धुराचा माग काढला तर बिघाडापेक्षा टंचाई आणि भाव यांचाच वास जास्त सापडतो. ज्या वेळी जे स्वस्त मिळाले ते टाकीत गेले, आणि टाकीत गेले ते मागून बाहेर आले.

मोटारीच्या आधी इथे राज्य होते बंडीचे. 1853 पासून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात होते आणि त्याचा कारभार हैदराबादच्या रेसिडेंटमार्फत चाले. त्याच रेसिडेन्सीच्या हुकुमाने 1886 साली कारंजाला कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला. देशातला हा पहिला नियंत्रित बाजार मानला जातो. त्यासाठीचा वऱ्हाडचा स्वतंत्र कायदा यायला 1897 उजाडले. हंगामात कापसाच्या बंड्यांची रांग लागे. बैल, शेण, आखाचे वंगण आणि सरकी, असा तो वास. हा माल मुंबईला आणि तिथून विलायतेला न्यायचा तर बंडीचा वेग पुरणार नव्हता, म्हणून पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे किलिक निक्सन या कंपनीच्या व्यवस्थापनाखाली मूर्तिजापूर–यवतमाळ ही नॅरोगेज लाइन आली. कारंजा तिच्यावरचे मोठे स्टेशन. लोक तिला शकुंतला म्हणू लागले.

शकुंतलेचा वास हा या जिल्ह्यातल्या आगगाडीच्या इंजिनाचा वास. 1921 साली मँचेस्टरला तयार झालेले तिचे वाफेचे इंजिन सत्तर वर्षे राबले. आपल्याकडच्या दगडी कोळशात राख भरपूर, त्यामुळे धुराबरोबर कणही उडत. खिडकीत बसलेल्याच्या डोळ्यांत कण आणि अंगातल्या पांढऱ्या कपड्यांवर काळे ठिपके, हे तिकिटाबरोबर फुकट. कोळशातले गंधक जळून सल्फर डायऑक्साइड तयार होतो. फटाके उडवल्यावर नाकात चरचरते, त्यात या वायूचा हात मोठा असतो. 15 एप्रिल 1994 रोजी वाफेचे इंजिन निवृत्त झाले आणि डिझेल इंजिन आले. यवतमाळपर्यंतचे 113 किलोमीटर त्याच लाइनीवर, त्याच संथ चालीने पार होत राहिले. बदलला तो धूर. आता ती गाडीही बंद पडली आहे.

दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि पेट्रोल रेशनवर गेले. तोवर वऱ्हाडात खाजगी मोटारमालकांच्या सर्व्हिस गाड्या तालुक्याच्या गावांना जोडू लागल्या होत्या. रेशनमध्ये एवढ्या गाड्या चालणे शक्य नव्हते. देशभर तोडगा निघाला तो कोळशावरच्या मोटारीचा, आणि मोटारीच्या इतिहासातला सगळ्यात विचित्र धूर तिच्या वाट्याला आला.

मोटारीच्या मागच्या अंगाला पुरुषभर उंचीचे लोखंडी पिंप बसवलेले असे. त्यात वरून लोणारी कोळसा भरायचा, खालून पेटवायचा आणि हाताने पंखा फिरवत बसायचे. निखारे लाल होऊन वायू तयार व्हायला चांगला वेळ लागे. तोवर प्रवाशांचे पान-तंबाखू उरकून होई. हवा कमी मिळाली की कोळशाचा कार्बन मोनॉक्साइड होतो आणि हा वायू जळू शकतो. तो नळ्यांतून गार करून, गाळून इंजिनात सोडायचा. गॅसमध्ये निम्म्याहून जास्त नुसता नायट्रोजन, त्यामुळे इंजिनाची ताकद तिसऱ्या हिश्श्याने तरी घटे. चढण आली की उतारूंनी उतरायचे, प्रसंगी ढकलायचेही. भाडे मात्र पूर्ण.

या गाडीच्या वासात एक मेख होती. कोळसा नीट भाजलेला असेल तर धुराला फारसा वास येत नसे. लोणाऱ्याने घाईत भट्टी फोडली आणि आतले लाकूड अर्धवट राहिले, तर डांबरासारखा उग्र दर्प सुटे आणि ते डांबर नळ्यांत, व्हॉल्व्हवर चिकटून बसे. म्हणजे मोटारीच्या धुरावरून कोळशाची भट्टी कशी लागली होती ते कळत असे. आणि ज्याची खरी भीती बाळगायला हवी त्याचा पत्ताच लागत नसे. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वासही नाही. पिंपाजवळ बसणाऱ्या क्लीनरचे डोके दुखे, त्याला मळमळे, आणि दोष जाई उन्हाला नाहीतर रात्रीच्या जागरणाला. आजच्या गाडीलाही हे तितकेच लागू आहे. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवणाऱ्याला मारणारा वायू नाकाला कधीच समजत नाही.

युद्ध संपले आणि पिंपे भंगारात गेली. लगेच 1947 मध्ये मध्यप्रांत-वऱ्हाड सरकारने मोटार कायद्यात दुरुस्ती करून मोटारधंदा आपल्या हाती घेण्याची वाट मोकळी केली. खाजगी मोटारमालक सर्वोच्च न्यायालयात गेले. भिकाजी नारायण ढाकरस यांच्या नावाचा 1955 चा तो निकाल कायद्याचे विद्यार्थी आजही वाचतात. तो ज्या रस्त्यांच्या भांडणातून आला, ते रस्ते कुणाला आठवत नाहीत. पुढच्याच वर्षी विदर्भ मुंबई राज्यात आला, मग महाराष्ट्र झाला आणि लाल एसटीने गावे गाठली.

एसटीबरोबर डिझेल आले, आणि डिझेल केवळ रस्त्यावर राहिले नाही. 1946 मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी निघाली. विहिरीवर, पिठाच्या गिरणीत, तेलघाण्यावर ऑइल इंजिन बसले. गिरणीच्या छपरातून बाहेर काढलेल्या नळीचे पुक-पुक ऐकून बाया दळणाचा डबा उचलत. दळून आणलेल्या ज्वारीच्या पिठालाही कधीकधी त्या इंजिनाचा किंचित वास असे.

डिझेलच्या धुराला जो झोंबणारा वास असतो तो एका पदार्थाचा नाही. अर्धवट जळलेल्या तेलातून अल्डिहाइड नावाची रसायने तयार होतात. त्यांतले एक अ‍ॅक्रोलीन. फोडणीचे तेल जास्त तापून धूर सुटला की डोळ्यांतून पाणी काढणारे रसायन तेच. थंडीच्या सकाळी ट्रॅक्टर सुरू केला की पहिली दोन-चार मिनिटे पांढरा, उग्र धूर येतो. तो न जळलेल्या डिझेलचा. इंजिन तापले की थांबतो. थांबला नाही तर नोझल टपकते आहे किंवा टायमिंग हलले आहे. काळा धूर म्हणजे तेल जास्त आणि हवा कमी: एअर फिल्टर तुंबलेला, नाहीतर पंप बिघडलेला. तुरीच्या नाहीतर सोयाबीनच्या मळणीच्या दिवसांत भुसा उडतो आणि हे दुखणे हमखास वाढते. गाडी ओढत नाही म्हणून पंपाचा स्क्रू फिरवून जादा तेल सोडण्याची युक्ती कित्येक ड्रायव्हरांना ठाऊक होती. गाडी पळे, आणि मागच्या सायकलवाल्याचे तोंड काळे होई.

या सगळ्यावर गंधकाचे पांघरूण होते. नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंत आपल्या डिझेलमध्ये गंधकाचे प्रमाण 1 टक्क्यापर्यंत चालत असे. दहा लाख भागांत दहा हजार भाग. आज ही मर्यादा 10 भागांची आहे, म्हणजे एक हजारपटीने खाली. जुन्या एसटी स्टँडच्या वासाची आठवण काढणारे लोक नकळत याच गंधकाची आठवण काढत असतात.

सत्तरीच्या दशकात दुसरा एक वास आला, निळ्या धुराचा. लुना, राजदूत, बजाजची स्कूटर, तीनचाकी रिक्षा, सगळी टू-स्ट्रोक मंडळी. या इंजिनात वंगणाची वेगळी सोय नसते. टूटी ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचे आणि ते पेट्रोलबरोबर जळायचे. त्यामुळे निळा धूर हा त्यांच्यात बिघाड नव्हताच, तो स्वभाव होता. शिवाय आत येणारे ताजे पेट्रोल जळायच्या आधीच थोडेफार बाहेर निसटते. न जळलेले पेट्रोल आणि जळके ऑइल, असा तो मिश्र वास. दूधवाल्याची राजदूत बोळात शिरली की दूध आल्याचे नाकाला आधी कळे. मापात हात आखडता नको म्हणून पंपावर ऑइलचे एक माप जास्तच टाकून घेणारे पुष्कळ होते. इंजिन वाचे, पण प्लग काळा होऊन गाडी चौकात बंद पडे.

आणि मग रॉकेल.

धुराच्या या इतिहासातले हे सगळ्यात लांबलेले आणि सगळ्यात घाणेरडे प्रकरण. रेशनचे रॉकेल गरिबाच्या स्टोव्हसाठी आणि कंदिलासाठी स्वस्त ठेवलेले. ओळखू यावे म्हणून त्यात निळा रंग टाकलेला. पेट्रोल-डिझेलचे भाव चढत गेले, रॉकेलचे जवळपास जागीच राहिले. 2010–11 मध्ये डिझेल रेशनच्या रॉकेलच्या जवळपास तिप्पट होते. एवढा फरक असल्यावर निळा रंग कुणाला अडवणार? तो रंग काढायच्याही युक्त्या निघाल्या. काळी-पिवळी जीप असो की रिक्षा, ‘थोडं रॉकेल टाकते’ हे गॅरेजमध्ये दबक्या आवाजात बोलले जाई आणि धूर ते मोठ्याने सांगत असे.

रॉकेलचा वास डिझेलमध्ये लपतो, पेट्रोलमध्ये लपत नाही. कारण सरळ आहे. रॉकेल आणि डिझेल जवळचे भाऊबंद. डिझेल इंजिन थोडेफार रॉकेल पचवते, पंपाला मात्र वंगण कमी पडून तो लवकर झिजतो. पेट्रोल इंजिनाला रॉकेल पचत नाही. त्याचा ऑक्टेन आकडा फारच खाली, त्यामुळे ते अवेळी पेटते, इंजिन ठोका देते, आणि बरेचसे न जळताच सायलेन्सरमधून बाहेर पडते. वात विझवल्यावर कंदिलातून जो वास येतो, तोच. टू-स्ट्रोक रिक्षाच्या निळ्या धुरात हा मिसळला की मागे चालणाऱ्याच्या घशात खवखव सुरू होई.

सरकारने 2006 मध्ये रॉकेलमध्ये रंगाबरोबर एक रासायनिक खूणही टाकायला सुरुवात केली. भेसळ चाचणीत चटकन सापडावी, हा हेतू. दोनेक वर्षांत ती गुंडाळली गेली. 25 जानेवारी 2011 रोजी मनमाडजवळ तेलाची भेसळ पकडायला गेलेले मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना भेसळखोरांनी जिवंत जाळले. (हे मालेगाव नाशिक जिल्ह्यातले, वाशिमचे मालेगाव वेगळे.) राज्यभरातल्या सरकारी कर्मचाऱ्यांनी काम बंद ठेवून निषेध केला, छापे पडले, बातम्या झाल्या. पण रॉकेलचा वास रस्त्यावरून खऱ्या अर्थाने कमी झाला तो पुढच्या काही वर्षांत, घरोघरी गॅस पोचून रेशनचे रॉकेलच आटत गेले तेव्हा. जे काम पोलिसांना आणि रंगाला जमले नाही, ते भावाने आणि सिलिंडरने केले.

1 जुलै 1998 रोजी अकोल्यातून वाशिम जिल्हा वेगळा निघाला. जुना हिशेब काढला तर हे परत येणे होते, कारण इंग्रजी अमदानीत 1905 पर्यंत वाशिम हा वऱ्हाडातला स्वतंत्र जिल्हा होताच. गाड्यांवर एमएच 37 लागू लागले. पीयूसीची चाचणी केंद्रीय मोटार वाहन नियमांमुळे आधीपासूनच लागू होती. त्या चाचणीबद्दल एक गोष्ट सहसा कुणी बोलत नाही: ती वास मोजत नाही. डिझेल गाडीच्या धुराचा काळेपणा आणि पेट्रोल गाडीचा कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बन एवढेच यंत्र सांगते. बाकी सगळे नाकावर.

आणि मिस्त्रीचे नाक हे मोजमापाचे जुने, बऱ्यापैकी भरवशाचे साधन. ‘ऑइल खाऊन राह्यली भाऊ,’ असे गाडीच्या मागे उभे राहून सांगणारा मिस्त्री दोन गोष्टी एकदम करत असतो: निळसर छटा बघतो आणि जळक्या ऑइलचा वास घेतो. एक्सलेटर सोडून पुन्हा दाबला आणि तेव्हाच भपका आला तर व्हॉल्व्हचे सील गेलेले. सतत येत असेल तर पिस्टन-रिंग, म्हणजे बोअरचे काम, म्हणजे खिसा रिकामा. वास येतो पण सायलेन्सरच्या तोंडाशी धूर नाही, अशी तिसरीही शक्यता असते: बाहेरून गळलेले ऑइल तापल्या नळीवर पडून जळते आहे. एका गॅस्केटमध्ये भागते. अनुभवी माणूस म्हणून आधी खाली वाकून बघतो, मग खर्चाचा आकडा सांगतो.

गोड वासाची कथा मजेची आहे. पांढरा धूर, त्याला गोडसर, पाकासारखा वास, असे झाले की हेड गॅस्केट उडाले आणि कूलंट जळू लागले, हे आज शिकाऊ पोरगाही सांगेल. गोडवा कूलंटमधल्या इथिलीन ग्लायकॉलचा. हे रसायन विषारी आहे, जमिनीवर सांडलेले जनावराने चाटले तर जीव जाऊ शकतो. पण जुन्या मिस्त्रीला हा वास ओळखीचा नव्हता. त्याच्या काळात रेडिएटरमध्ये नुसते पाणी असे. मेच्या उन्हात जीप उकळली की क्लीनर डबा घेऊन हापशीकडे पळे. गॅस्केट उडाले तर मागून निव्वळ वाफ येई, बिनवासाची. मग तो ऑइलची पट्टी काढून बघे. ऑइल दुधाळ दिसले की निदान पक्के. पाण्याने इंजिन आतून गंजत गेले आणि कारखान्यातून भरलेल्या कूलंटच्या गाड्या आल्या, तेव्हा कुठे तो गोड वास गॅरेजमध्ये पोचला.

सडक्या अंड्याचा वासही असाच नवा. 1995 मध्ये चार महानगरांत नव्या मोटारींना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि शिसेविरहित पेट्रोल आले; फेब्रुवारी 2000 पासून शिसे देशभरच्या पेट्रोलमधून गेले. कन्व्हर्टरमध्ये मौल्यवान धातूंचा पातळ थर असतो, शिसे त्याला मारते, म्हणून आधी शिसे काढावे लागले. इंजिनाला पेट्रोल जास्त आणि हवा कमी मिळू लागली की या कन्व्हर्टरमध्ये साठलेल्या गंधकाचा हायड्रोजन सल्फाइड होतो. हवेच्या एक कोटी भागांत याचा एखादा भाग असला तरी माणसाचे नाक तो पकडते. मात्र हाच वायू फार झाला तर नाक बधिर करतो, आणि वास गेला म्हणून धोका टळला असे वाटते. जुन्या अँबॅसॅडरच्या पेट्रोलमध्ये गंधक कितीतरी जास्त होते, तरी तिच्यामागे सडक्या अंड्याचा वास कधी येत नसे. प्रदूषण कमी करायला बसवलेल्या यंत्रानेच हा वास आणला. 2020 च्या एप्रिलपासून बीएस-6 इंधन आले, गंधक 10 भागांवर उतरले, आणि हा वासही दुर्मीळ झाला. आता तो आलाच तर सेन्सर किंवा इंजेक्टर तपासून घ्यावा. पेट्रोलला बोल लावण्याचे दिवस गेले.

पेट्रोलमध्ये आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. महाराष्ट्रात मिश्रणाची सुरुवात 2003 मध्ये 5 टक्क्यांनी झाली होती. इथेनॉल अर्धवट जळले की अ‍ॅसिटाल्डिहाइड तयार होते. थंड इंजिनाच्या पहिल्या मिनिटात मागे उभे राहिले तर पिकून आंबट झालेल्या फळासारखा वास लागतो. तो मिश्रणाचा गुण आहे, त्यासाठी गॅरेज गाठायची गरज नाही.

डिसेंबर 2022 मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी टप्पा खुला झाला. तो याच जिल्ह्यातून, कारंजा, शेलूबाजार, मालेगावच्या बाजूने जातो. त्यावरच्या नव्या ट्रकांना डिझेलच्या टाकीबरोबर दुसरी एक छोटी टाकी असते, निळ्या झाकणाची. तिच्यात 32.5 टक्के युरिया आणि बाकी शुद्ध पाणी. धुरातल्या नायट्रोजन ऑक्साइडवर हे द्रावण फवारले जाते, युरियाचा अमोनिया होतो आणि तो त्या ऑक्साइडला साध्या नायट्रोजनमध्ये आणि वाफेत बदलतो. सगळे ठीक असेल तर मागे वास जवळजवळ नाही. द्रावण जास्त सुटले किंवा आतला कॅटॅलिस्ट थकला की अमोनिया बाहेर येतो: गोठ्यात शिरल्यावर नाकात बसतो तो. कापसाला, मक्याला युरिया टाकणाऱ्या या जिल्ह्यात तो ओळखायला कुणाला शिकवावे लागत नाही.

आणि रॉकेलचा जुना खेळ इथे नव्या कपड्यांत हजर आहे. शेतीच्या युरियाची 45 किलोची गोणी अनुदानामुळे 266 रुपये 50 पैशांना मिळते. कारखान्यांसाठीचा युरिया त्याच्या कितीतरी पट महाग. शेतीचा युरिया दुसरीकडे वळू नये म्हणून 2015 पासून त्याला सक्तीने निंबोळी तेलाचा लेप दिला जातो. रॉकेलला रंगाची खूण होती, युरियाला वास असलेल्या तेलाची. शेतीचा युरिया पाण्यात विरघळवून ट्रकच्या टाकीत ओतला तर त्यातली अशुद्धी आणि तेल मिळून फवाऱ्याचे बारीक छिद्र बुजवतात, कॅटॅलिस्टवर पापुद्रा धरतो. फरक इतकाच की रिक्षाला रॉकेल कळत नव्हते, ट्रकला कळते. सेन्सरला द्रावण खोटे वाटले की डॅशबोर्डवर दिवा लागतो, काही अंतरानंतर इंजिन आपली ताकद उतरवते, आणि ड्रायव्हरने मागे जाऊन वास घ्यायच्या आतच भरधाव महामार्गावर ट्रक बैलबंडीच्या चालीवर येतो. मग स्कॅनरवाला माणूस बोलवावा लागतो, आणि त्याचे बिल वाचवलेल्या पैशांच्या कित्येक पट असते.